वाचक विचारतात: कुंडीतला स्टीव्हिया चहात चालतो, मग केकमध्ये का रुसतो?

मागच्या अंकात स्टीव्हियावर, म्हणजे साखरेऐवजी ज्याची गोड पानं वापरतात त्या छोट्या झाडावर, दोन परिच्छेद काय लिहिले, प्रश्नांचा नुसता ढीग येऊन पडलाय. झाड बहुतेकांचं छान आलंय, घोडं अडलंय ते पुढे, म्हणजे पानं तोडली, आता यांचं करायचं काय. सारखे सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतेय, कुणाचा प्रश्न जसाच्या तसा दिसला नाही तर रागावू नका, उत्तर कुठेतरी आलेलं असेल.

प्रश्न: ताई, चहात चार पानं टाकून चांगला उकळला. पहिला घोट गोड लागला आणि मग जे काही कडवट जिभेवर बसलं ते अर्धा तास जाईना. आमचं झाडच कडू निघालं का?

झाडाचा दोष असू शकतो, पण आधी उकळणं बंद करा बघू. स्टीव्हियाच्या पानात गोडवा देणारे बरेच घटक असतात, त्यातले दोन मुख्य, एक स्टीव्हिओसाइड आणि दुसरा रेबॉडिओसाइड ए. साध्या झाडात स्टीव्हिओसाइड जास्त असतं आणि गंमत म्हणजे ते स्वतःच थोडं कडू आहे, जिभेवरच्या गोड चव ओळखणाऱ्या जागा आणि कडू चव ओळखणाऱ्या जागा दोन्हींना ते एकदम जाऊन भिडतं. रेबॉडिओसाइड ए त्या मानाने सौम्य, म्हणून तर ते जास्त असलेली रोपं मुद्दाम निवडून वाढवतात. बियांपासून केलेली रोपं एकासारखी एक निघत नाहीत, एकाच पाकिटातल्या दोन रोपांत गोडीचा चांगलाच फरक पडतो. त्यामुळे रोप घेताना एक पान चावून बघायचं आणि मगच घरी आणायचं, आणि चांगलं झाड मिळालं की त्याच्याच फांद्या लावायच्या.

आता उकळण्याचं. गोड घटक उकळून मरत नाहीत, ते चांगले टिकाऊ आहेत. पण पानात टॅनिन आणि बाकी कडू तुरट ऐवजही असतो आणि जितकं जास्त उकळाल तितका तो पाण्यात उतरत जातो. म्हणून चहा झाला, गॅस बंद केला, की मग पानं टाका, झाकण ठेवा, तीन-चार मिनिटांनी गाळा. चारऐवजी एका पानाने सुरुवात करा. आणि देठं काढून टाका हो, देठात गोडी फार कमी असते, चोथा तेवढा वाढतो.

तरीही शेवटी ज्येष्ठमधासारखी एक चव राहतेच, ती कुणाला आवडते, कुणाला अजिबात नाही. लिंबाने ती बऱ्यापैकी झाकली जाते, दुधाच्या स्निग्धपणाने जाते, वेलची, दालचिनी, कोको यांच्याखाली दबते, आणि अगदी चिमटीच्या टोकावर मीठ घातलं तरी कडूपणा मागे सरतो. पण सगळ्यात चांगला उपाय कुणाला सांगितला की लोक नाराज होतात, तो म्हणजे थोडी साखर राहू द्या! दोन चमचे घालत असाल तर एक चमचा साखर आणि बाकीचं स्टीव्हियावर. साखरेची गोडी पटकन लागते, स्टीव्हियाची उशिरा लागून रेंगाळते, दोन्ही मिळून चव भरीव वाटते आणि साखर निम्म्यावर येते ते वेगळंच.

प्रश्न: एक वाटी साखरेला किती पानं? प्रत्येक ठिकाणी वेगळंच माप वाचायला मिळतं.

वेगळं मिळणारच, कारण झाड वेगळं, पान ओलं की सुकं ते वेगळं, पूड किती बारीक ते वेगळं. ढोबळ हिशोब असा की सुकं पान साखरेच्या 10 ते 15 पट गोड धरतात, म्हणजे 1 ग्रॅम पूड साधारण 10 ते 15 ग्रॅम साखरेची जागा घेते, चमच्यात सांगायचं तर अडीच ते पावणेचार लहान चमचे साखर. शुद्ध केलेलं स्टीव्हिओसाइड किंवा रेबॉडिओसाइड ए मात्र साखरेच्या 200 ते 300 पटीत जातं, आणि घोळ इथेच होतो, कारण बाजारच्या पांढऱ्या पावडरीचं माप लोक घरच्या हिरव्या पुडीला लावतात, किंवा उलट.

म्हणून माझं म्हणणं, दुसऱ्याचं माप घेऊच नका, आपल्या झाडाचं आपण काढा, एकदाच करायचंय. एक मोठा चमचा सुकी पानं हाताने चुरून एक कप गरम पाण्यात घाला (उकळतं नको, उकळी येऊन जरा निवलेलं), झाकून दहा मिनिटं ठेवा आणि गाळा. हा झाला तुमचा अर्क. आता दोन सारखे ग्लास घ्या. एकात पाणी आणि दोन चमचे साखर विरघळवा, दुसऱ्यात तेवढंच साधं पाणी. दुसऱ्यात एक एक चमचा अर्क घालत चव बघत जा, पण प्रत्येक वेळी घोट घेऊन अर्धा मिनिट थांबा, कारण स्टीव्हियाची गोडी चढायला वेळ लागतो आणि घाई केली की हमखास जास्त पडतं. मध्ये साध्या पाण्याने चूळ भरा. दोन्ही ग्लास सारखे लागले की किती चमचे गेले ते बाटलीवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा, 'इतका अर्क म्हणजे दोन चमचे साखर'. पुढच्या तोडणीला पुन्हा एकदा बघायचं, कारण त्याच झाडाची गोडीसुद्धा तोडणीगणिक थोडी बदलते.

अर्क फ्रीजमध्ये चार-पाच दिवस ठेवा, त्यावर नको. त्यात साखर नाही, म्हणजे त्याला टिकवणारं काहीच नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलात तर मात्र एक एक खडा काढून वापरता येतो, सरबताला तर फारच सोयीचं.

आणि वाटीभर साखरेचं विचारलंत म्हणून एक गोष्ट सांगतेच, कारण ही कुणी सांगत नाही. स्टीव्हियाची गोडी एका मर्यादेपर्यंतच चढते. ढोबळमानाने 10 टक्के साखरेच्या पाण्याइतकी गोडी आली की पुढे कितीही घाला, गोडी वाढत नाही, फक्त कडूपणा वाढतो. एका 200 मिलिलिटरच्या कपात 20 ग्रॅम, म्हणजे पाच चमचे साखर घातल्यावर जितकं गोड होईल, तिथपर्यंतच याची धाव. चहा, कॉफी, सरबत, दही एवढ्याला ते पुरून उरतं. पण दाट पाकाइतकं गोड काही करायचं असेल तर पोतंभर पानं आणलीत तरी जमणार नाही, तिथे मापाचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न: बाजारात मिळते तशी पांढरी पावडर घरी करता येईल का? आमच्या पुडीने दूध हिरवं झालं आणि तळाशी गाळ बसला.

नाही येणार. ती पावडर करताना पानांचा पाण्यात अर्क काढतात, मग रेझिनच्या, म्हणजे गोड घटक चिकटवून धरणाऱ्या बारीक मण्यांच्या, नळ्यांतून तो गाळून गोड घटक तेवढे पकडतात, ते अल्कोहोलने सोडवतात आणि पुन्हा स्फटिक करून शुद्ध करतात. स्वयंपाकघरातलं काम नव्हे ते. घरची पूड म्हणजे वाळलेलं अख्खं पान कुटलेलं, त्यात हिरवा रंगही आला आणि न विरघळणारा चोथाही. दुधात किंवा पांढऱ्या कशातही पूड घालूच नका, पानं मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून कोमट होत आलेल्या दुधात सोडा आणि काढून घ्या. थोडी हिरवट झाक राहील, ती आपली मानून घ्यायची.

काहीजण व्होडकात पानं दिवसभर भिजवून गाळतात आणि मग मंद आचेवर अल्कोहोल उडवून थेंबाथेंबाने वापरायचा अर्क करतात. होतो चांगला, पाण्याच्या अर्कापेक्षा जास्त टिकतो. पण अल्कोहोलची वाफ पेट घेते, तेव्हा उघड्या ज्योतीवर हे अजिबात करू नका, इंडक्शनची शेगडी आणि उघडी खिडकी असेल तरच.

आणि बाजारची पावडर घेताना पाकिटामागचं वाचा. बऱ्याच पाकिटांत स्टीव्हिया चिमूटभर आणि बाकी सगळं भरण असतं, कधी एरिथ्रिटॉल, कधी डेक्स्ट्रोज नाहीतर माल्टोडेक्स्ट्रिन. शेवटची दोन रक्तातली साखर वाढवतात, मग पाकीट घेऊन मिळवलं काय?

प्रश्न: केकमध्ये सगळी साखर काढून स्टीव्हिया घातला. केक बसला, कोरडा झाला, वरून पांढरट राहिला. बेकिंग पावडर जुनी होती असं सासूबाई म्हणतात.

बेकिंग पावडर बिचारी निर्दोष असावी. हा प्रश्न सगळ्यात जास्त जणांनी विचारलाय त्यामुळे जरा सविस्तर.

केकमधली साखर फक्त गोडीसाठी नसते. 200 ग्रॅम साखर काढलीत म्हणजे पिठातला 200 ग्रॅमचा ऐवज गेला, त्याच्या जागी आली पंधरा-वीस ग्रॅम पूड, मग केक बसणार नाही तर काय करणार. लोणी आणि साखर फेटतो तेव्हा साखरेचे दाणे लोण्यात हवेचे बारीक कप्पे करतात, केक फुलायची सुरुवात तिथे होते, ती गेली. साखर पाणी धरून ठेवते म्हणून केक दुसऱ्या दिवशीही मऊ असतो, तेही गेलं. आणि वरचा तांबूस रंग, तो खमंग वास, हे सगळं साखर भाजल्यावर येतं. स्टीव्हियाचं कॅरमल होत नाही, तो ओव्हनच्या उष्णतेत टिकतो पण रंग काही देत नाही. म्हणजे साखर चार नोकऱ्या करत होती आणि तुम्ही ज्याला ठेवलंत त्याला त्यातली एकच येते.

तेव्हा करायचं काय? पूर्ण काढू नका. निम्मी साखर राहू द्या, लोण्यात तीच फेटा, उरलेल्या गोडीसाठी दाट अर्क दुधाच्या किंवा पाण्याच्या हिशोबातून घाला म्हणजे पीठ पातळ होणार नाही. गेलेल्या ऐवजासाठी पिकलेलं केळं कुस्करून, शिजवलेल्या सफरचंदाचा गर किंवा घट्ट दही घाला, ओलावाही राहतो. फळात साखर असतेच, ती विसरून हिशोब मांडू नका. केळं, कोको, दालचिनी, गाजर असे रंगाचे आणि वासाचे केक याला मानवतात, हिरवटपणा आणि ती शेवटची चव दोन्ही लपतात. साधा पांढरा व्हॅनिला स्पंज मात्र मी तरी स्टीव्हियाचा करणार नाही. अंड्याच्या पांढऱ्याचं मेरँग तर नाहीच नाही, ते उभंच साखरेवर असतं.

बिस्किटं थोडी बरी होतात, पण कुरकुरीतपणा साखरेचा असतो, त्यामुळे खुसखुशीतच्या जागी जरा पिठूळ लागतात. पावाचं एकीने विचारलंय की यीस्ट फुगलं नाही. यीस्ट स्टीव्हिया खात नाही, त्याला त्यातून काही मिळतच नाही. यीस्ट जागं करायला चमचाभर साखर घालाच, किंवा काही न घालता जास्त वेळ द्या, पिठातल्या स्टार्चपासून हळूहळू साखर सुटते, तिच्यावर ते काम करतं. ती चमचाभर साखर यीस्टच खाऊन टाकतं बहुतेक, तिची चिंता नको.

प्रश्न: जॅम केला, घट्टच होईना, आठ दिवसांत बुरशी आली.

अगदी हेच व्हायचं होतं. नेहमीच्या जॅममध्ये 60 टक्क्यांच्या वर साखर असते, ती पाणी इतकं बांधून ठेवते की बुरशीला जगायला पाणी उरत नाही. स्टीव्हिया हे करत नाही. घट्टपणाचंही तेच, फळातलं पेक्टिन भरपूर साखर आणि आंबटपणा असेल तेव्हाच जाळं धरतं. कमी साखरेत जमणारं पेक्टिन वेगळं मिळतं, लो मेथॉक्सिल नावाचं, ते कॅल्शियमवर जमतं. ते वापरा, किंवा फळ नुसतं आटवून चियाच्या बियांनी दाट करा, थोड्या थोड्या प्रमाणात करा, फ्रीजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा. त्याला जॅम म्हणण्यापेक्षा फळाची ताजी चटणी म्हणा, म्हणजे अपेक्षा ठिकाणावर राहतात.

आईस्क्रीम दगडासारखं झालं असंही एक पत्र आहे, त्याचं कारण हेच. साखर विरघळलेली असली की पाणी लवकर गोठत नाही म्हणून आईस्क्रीम मऊ राहतं. स्टीव्हियाचं आईस्क्रीम खायच्या आधी वीसेक मिनिटं बाहेर काढून ठेवा.

प्रश्न: मिस्टरांना डायबिटीस आहे. घरचाच स्टीव्हिया म्हटल्यावर आता गोड बिनधास्त करू ना?

बिनधास्त हा शब्द तेवढा काढा. स्टीव्हियाचे गोड घटक पोटात आणि लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातले जिवाणू त्याचं स्टीव्हिऑल करतात, ते यकृतात जाऊन शेवटी लघवीवाटे बाहेर पडतं. त्यामुळे त्याने रक्तातली साखर वाढत नाही आणि कॅलरीही मोजण्याजोग्या मिळत नाहीत. चहाकॉफीतली साखर काढायला उत्तम. पण स्टीव्हिया घातलेल्या केकमध्ये मैदा तेवढाच आहे, दुधात दुधाची साखर आहे, फळात फळाची. गोड करणारं बदललं, पदार्थ तोच राहिला. 'शुगर फ्री केलाय' म्हणून दोन तुकडे जास्त खाल्ले की ग्लुकोमीटर सांगतोच.

आणखी एक, गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःच्या मनाने कमी करू नका, काहीजण करतात. मोठ्या मात्रेत स्टीव्हिओसाइडने ब्लडप्रेशर थोडं उतरल्याचं अभ्यासात दिसलंय, तेव्हा बीपीच्या गोळ्या चालू असतील आणि रोज वापरायचा विचार असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला.

वजन कमी करायला म्हणून विचारणाऱ्यांसाठी: जागतिक आरोग्य संघटनेने मे 2023 मध्ये सांगितलंय की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी असे गोडवे वापरू नका, त्यात स्टीव्हियाचंही नाव आहे. आधीपासून डायबिटीस असलेल्यांना ती सूचना लागू नाही हेही त्यांनीच म्हटलंय. मला त्यातलं पटतं ते एवढंच, की जिभेची गोडाची सवय तशीच राहिली तर ती दुसरीकडून वसूल करते. अर्क दर आठवड्याला थोडा थोडा कमी करत जा ना, कुणाला कळतही नाही.

प्रश्न: अमेरिकेत स्टीव्हियाच्या पानांना परवानगी नाही असं वाचलं. मग आपण खातोय ते विष आहे का?

विष नाही, पण वाचलंत ते अर्ध खरं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, 2008 मध्ये उच्च शुद्धतेच्या रेबॉडिओसाइड ए ला हरकत घेतली नाही, युरोपात 2011 मध्ये शुद्ध केलेल्या घटकांना परवानगी मिळाली. अख्खं पान आणि कच्चा अर्क गोडवा म्हणून विकायला मात्र एफडीएची मान्यता नाही, कारण अख्ख्या पानावर तितक्या काटेकोर चाचण्या झालेल्या नाहीत. पॅराग्वेमध्ये, जिथलं हे मूळचं झाड, तिथले ग्वारानी लोक पिढ्यानपिढ्या पानं वापरत आलेत, तो अनुभव आहे, पण अनुभव म्हणजे चाचणी नव्हे.

आता मात्रा. शुद्ध घटकांसाठी ठरलेली रोजची मर्यादा आहे शरीराच्या दर किलोला 4 मिलिग्रॅम स्टीव्हिऑल. 60 किलोच्या माणसाला 240 मिलिग्रॅम, ते साधारण 600 मिलिग्रॅम स्टीव्हिओसाइडइतकं होतं. सुक्या पानात 10 टक्के गोड घटक धरले तर 6 ग्रॅम सुकी पानं. चहात तुम्ही एक-दोन चिमटी घालता, तेव्हा मोठ्या माणसाला तिथवर पोचणं अवघडच, पण 20 किलोच्या मुलाला हीच मर्यादा 2 ग्रॅमवर येते, म्हणून मुलांना पानं चघळत हिंडू देऊ नका. गरोदर असाल तर घरच्या पानांचा रोजचा वापर मी तरी टाळायला सांगेन. आणि हे झाड सूर्यफुलाच्या कुळातलं, शेवंती, झेंडू अशांची ज्यांना अ‍ॅलर्जी आहे त्यांनी जपून, पहिल्यांदा अगदी थोडंसं.

प्रश्न: पानं सावलीत सुकवली तर काळी पडली आणि गोडीही कमी लागते.

सावलीत हरकत नाही, वेळ लागला म्हणून काळी पडली. दमट हवेत फांद्यांची जुडी बांधून टांगली की आतली पानं दोन-तीन दिवस ओलीच राहतात आणि तोवर रंगही जातो आणि गोडीही उतरते. फांदी धुवायची असेल तर तोडायच्या आधी झाडावरच पाणी मारा, पानं कोरडी झाल्यावर सकाळी तोडा, लगेच देठावरून ओरबाडून एकाच थरात पसरा. कोरडं कडक ऊन असेल तर एका दिवसात होतात. पावसाळी हवेत डिहायड्रेटर किंवा अगदी मंद ओव्हन, 40-45 अंशांच्या आसपास, दार किंचित उघडं ठेवून. पान चुरल्यावर कुर्र आवाज करून मोडलं पाहिजे, वाकलं तर अजून ओलं आहे. अख्खी पानंच बरणीत भरा आणि लागेल तशी कुटा.

प्रश्न: झाडाला पांढरी बारीक फुलं आली, किती गोड दिसतायत, ठेवू का?

कापा! फुलं आली की पानांची गोडी घसरते. कळ्या दिसायला लागल्या की तीच तोडणीची वेळ, जमिनीपासून चार बोटं ठेवून फांद्या कापून घ्या, खालून पुन्हा फुटतं. दिवस लहान झाले की हे झाड फुलावर येतं, त्यामुळे मोठ्या दिवसांच्या ऋतूत शेंडे खुडत राहिलात तर झुडूप दाट होऊन पानं जास्त मिळतात. पाणी साचू देऊ नका, मुळं कुजून झाड एका आठवड्यात जातं, आणि कडक थंडी पडत असेल तर कुंडी आत घ्या.

बिया धरायच्या असतील तर एकाच झाडाच्या बिया बहुतेक पोकळ निघतात, त्याला दुसऱ्या झाडाचे परागकण लागतात. त्यापेक्षा न फुललेली बोटभर फांदी घ्या, खालची पानं काढा, ओलसर वाळूत खोचून वरून प्लॅस्टिकची पिशवी झाका आणि उजेडात पण थेट उन्हात नको अशा जागी ठेवा. दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. चार फांद्या लावा, एखाददुसरी जातेच.